नाक चोंदलंय, २२ महिन्यांचा मुलगा रात्रभर झोपत नाहीये, काय करू?

धायरीची_आई
रात्रीचे पावणेतीन वाजलेत, मी हॉलमध्ये सोफ्यावर बसून एका हाताने टाइप करतेय आणि दुसऱ्या खांद्यावर आमचे चिरंजीव झोपलेत. उभे. म्हणजे मी उभं धरलंय म्हणून झोपलेत, आडवं केलं की नाकात घुर्र घुर्र सुरू होतं आणि दोन मिनिटांत भोकाड. आज चौथी रात्र.

वय २२ महिने, वजन ११ किलो. डिसेंबरपासून पाळणाघरात जायला लागला आणि तेव्हापासून ही तिसरी सर्दी, मधे जेमतेम आठ दिवस बरा असतो की परत सुरू. पहिल्या दिवशी ताप होता १०० च्या वर, तो गेला. दिवसा एकदम व्यवस्थित हो, वरणभात खातो, घरभर धावतो, माझ्या चपला बाल्कनीतून खाली टाकून झाल्या. फक्त रात्र आली की नाक बंद, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, दूध प्यायला घेतलं की चार घोट झाल्यावर गुदमरतो आणि चिडून सोडून देतो, म्हणजे भूक पण अर्धीच. आधी नाक पाण्यासारखं वाहत होतं, आता घट्ट पिवळं झालंय.

परवा डॉक्टरांकडे नेला होता. छाती क्लिअर आहे म्हणाले, व्हायरल आहे, सलाईनचे (मिठाच्या पाण्याचे) ड्रॉप्स नाकात टाका बास. बाकी काही औषधच दिलं नाही! नवरा म्हणतो डॉक्टर बदलूया. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांचं ओवा-कापराची पुरचुंडी उशाशी, संध्याकाळी वेखंड-ओव्याची धुरी, छातीला बाम, आणि काल म्हणाल्या जायफळ उगाळून चाटव, शांत झोपेल. मला त्यांना नाही म्हणवत नाही कारण त्याही माझ्याबरोबर जागतायत बिचाऱ्या, पण धुरी दिल्यावर काल तो जास्तच खोकला असं मला वाटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या गाईचं तूप कोमट करून नाकात दोन थेंब सोड.

आणि ते ड्रॉप्स, ते टाकायचे कसे हे कोणीतरी सांगा प्लीज. बाटली दिसली की मगर होतो तो, मान इकडे तिकडे, अर्धे थेंब गालावर आणि अर्धे कानात.

अबोली_कर्वेनगर
अगं आमच्याकडे गेल्या वर्षी हेच, सेम पाळणाघरवालं प्रकरण. आमच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या लहान पोरांना वर्षात सहा-आठ सर्द्या नॉर्मल आणि पाळणाघराचं पहिलं वर्ष असेल तर त्याहून जास्त पण होतात, ती पाळणाघराची वेगळी फी समजा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतं मग हळूहळू उतरतं, सात ते दहा दिवस धर आणि खोकला तर त्यानंतरही दोन आठवडे रेंगाळतो. त्यामुळे चौथी रात्र म्हणजे तू घाट चढून झालीयेस बहुतेक.

ड्रॉप्सचं माझं सांगते, खूप मारामाऱ्या करून शोधलेलं आहे. जमिनीवर सतरंजी टाकून पाय लांब करून बसायचं. त्याला आपल्या दोन मांड्यांच्या मधे उताणं झोपवायचं, डोकं आपल्याकडे, पाय लांब तिकडे. त्याचे दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली हलकेच दाबून जातात, डोकं मांड्यांच्या मधे बसतं त्यामुळे मान फिरवता येत नाही. एका माणसात काम होतं. बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरून ठेव, थंडगार थेंब नाकात गेला की मोठा माणूस पण दचकतो. मग एकेका नाकपुडीत दोन-दोन थेंब, बाटलीचं टोक आत खुपसायचं नाही, तोंडाशीच. रडेल, रडू दे, रडताना उलट आत ओढलं जातं. एखादं मिनिट तसाच ठेव, मग उठवून बसव आणि जे बाहेर येईल ते मऊ कापडाने पूस. मी तेव्हा मोठ्याने ‘एक दोन तीन... दहा’ म्हणायचे, दहाला संपतं हे त्याला कळल्यावर आठव्या दिवशी तोच दहा म्हणायला लागला (चार वगळून).

आणि हे दुधाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं कर, नंतर नाही. नाक मोकळं असलं तर पितो, पोट भरलं की झोपतो. माझ्या मते अर्धी रडारड भुकेची असते.

विशाल_हडपसर
एवढं काय टेन्शन घेताय मॅडम, आमच्या मेडिकलवाल्याकडे सर्दीचं सिरप मिळतं लहान मुलांचं, अडीच एमएल दिलं की सकाळपर्यंत आवाज नाही. माझ्या मुलीला वर्षाची असल्यापासून देतोय, काही झालं नाही. डॉक्टरकडे गेलं तरी तेच लिहून देतात.

अबोली_कर्वेनगर
@विशाल_हडपसर दादा नका हो असं काही सुचवू, ती झोप औषधाची गुंगी असते.

निवृत्त_सिस्टर
मुलांच्या वॉर्डात बत्तीस वर्षं काढलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी विशाल, तुमचं. रागावून नाही सांगत. ती सर्दीची सिरपं असतात ना, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण, त्याच्या लेबलवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. घरी बाटली असेल तर आत्ता उठून वाचा. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, किडन्या निकामी करतं ते. तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्याने सगळ्या राज्यांना परत कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत आणि पाचखाली सहसा नकोतच. आणि भेसळ नसलेलं चांगलं सिरप असलं तरी त्याने सर्दी एक दिवस सुद्धा लवकर बरी होत नाही. मूल पेंगतं, आपल्याला वाटतं बरं वाटलं. त्यामुळे धायरीच्या बाई, तुमच्या डॉक्टरांनी काही दिलं नाही ना, तो डॉक्टर धरून ठेवा, बदलू नका. औषध न लिहिता पेशंट परत पाठवायला धमक लागते.

रात्रीच का होतं ते सांगते म्हणजे घाबरायला होणार नाही. आडवं झालं की नाकातल्या शिरा रक्ताने भरतात, आतली त्वचा सुजते, आणि शेंबूड पुढे यायच्या ऐवजी मागे घशात उतरतो. दिवसा पोर धावतं, रडतं, नाक वाहून जातं. या वयात शिंकरता येत नाही, हा खरा घोळ आहे. पिवळा-हिरवा झाला म्हणजे लगेच अँटिबायोटिक लागतं असं पण नाही, साध्या व्हायरल सर्दीत चौथ्या-पाचव्या दिवशी तो तसाच होतो.

आता सासूबाईंच्या गोष्टी. त्यांना वाईट वाटू न देता पण ठामपणे सांगायचं. धुरी म्हणजे धूर, वेखंडाचा असो नाहीतर कॉइलचा, आधीच सुजलेल्या नाकात आणि छातीत धूर घालतोय आपण, तुला तो जास्त खोकला वाटला ते बरोबरच होतं. उदबत्ती पण त्या खोलीत नको आठ दिवस. कापराची पुरचुंडी उशाशी मुळीच नको. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, थोडाच पुरतो. देवघरातली कापराची वडी खाल्लेलं पोर मी वॉर्डात फेफरं आलेलं पाहिलंय, घरच्यांना वाटलं होतं खडीसाखर खाल्ली. बाममध्ये पण कापूर असतो, दोन वर्षांच्या आत लावायचा नाही आणि नाकाखाली तर कुठल्याच लहान मुलाला नाही. त्याने नाक मोकळं होतच नाही मुळात, गार वाटतं म्हणून मोकळं झाल्यासारखं वाटतं. जायफळ गुंगी आणतं म्हणून तर मूल झोपतं ना, मग त्यात आणि सिरपात फरक काय राहिला? किती वेढे उगाळले त्यावर डोस, आणि कोणाचा हात किती जड ते कोणाला माहीत. नाकात तूप-तेल तर अजिबात सोडायचं नाही, ते फुप्फुसात उतरलं तर तिथून निघत नाही, त्याने न्यूमोनिया होतो. बाहेरून वरच्या ओठाला, नाकपुडीच्या कडेला सोललं असेल तर तिथे खोबरेल लाव खुशाल, आजीचा हात पण लागेल आणि आगही थांबेल.

वाफ द्यायची झाली तर पातेलं, डोक्यावर टॉवेल हे मोठ्यांचं. वाफेचं पातेलं अंगावर उलटून भाजलेली मुलं दर थंडीत यायची आमच्याकडे, आणि ते बघवत नाही. फार तर बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून तुम्ही दोघं दहा मिनिटं आतच दाराजवळ बसा, नळ आणि बादलीपासून लांब.

वर्ष पूर्ण झालंय म्हणून मध चालेल, झोपताना अर्धा चमचा, खोकला जरा बसतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, हे इथे बाकी कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी, त्याने बोट्युलिझम नावाचा लकवा होऊ शकतो. दूध, केळं, दही बंद करायची गरज नाही, कफ ‘वाढत’ नाही त्याने.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. श्वास मोजायला शीक. झोपलेला असताना शर्ट वर कर, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लाव, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही, आणि पोट किती वेळा वर येतं ते मोज. एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त आलं तर तो जोराचा श्वास. दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, दोन महिन्यांच्या आत ६०. आशाताई न्यूमोनिया ओळखायला हेच मोजतात घरोघर. नाकाचा आवाज कितीही होऊ दे, तो आवाज नाकाचा. पण बरगड्यांच्या खाली खळगा पडत असेल, श्वास सोडताना कण्हत असेल, ओठ निळसर वाटत असतील, काहीच पीत नसेल, नेहमीपेक्षा लंगोट खूपच कमी भिजत असतील किंवा उठवूनही नीट जागा होत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उचलून न्यायचं. ताप जाऊन परत आला किंवा कान धरून रडायला लागला तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं.

एक राहिलं. सोफ्यावर त्याला घेऊन बसतेस तिथे तुझी डुलकी लागू देऊ नकोस, मूल सोफ्याच्या फटीत घसरतं. डोळे मिटायला लागले की नवऱ्याला उठव, सकाळची बस असली तरी.

औंधकर
सिस्टरांनी सगळं लिहिलंच आहे. खोलीकडे पण बघा. जानेवारीत पुण्याची हवा कोरडी ठणठणीत, त्यात धायरी-सिंहगड रोडला चहुबाजूंनी बांधकामं. आम्ही झोपायच्या खोलीत ओला टॉवेल खुर्चीवर टाकून ठेवतो, फरक पडतो. गार वाफेचा ह्युमिडिफायर घेतलात तर पाणी रोज बदला आणि टाकी पुसून कोरडी करा, नाहीतर बुरशी होते आणि परत आपणच म्हणणार हे नाक का वाहतंय. त्यात निलगिरी वगैरे टाकू नका. हीटर लावून खोली भट्टी करू नका.

दर वर्षी ठरावीक दिवसांत ताप नाही पण शिंका, डोळे चोळणं, पाण्यासारखं नाक असं असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार करा. आपल्याकडे गाजरगवत आहेच कृपेने, भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली म्हणे आणि आता मोकळा प्लॉट दिसला की ते आहेच. पण तुमच्या केसमध्ये ताप येऊन गेलाय, पाळणाघर आहे, म्हणजे साधी सर्दीच.

दोन_पिल्लांचा_बाबा
दोन गोष्टी, दोन्ही आमच्यावर बेतलेल्या.

पहिली. धाकटीचं नाक महिनाभर वाहत होतं, सर्दी सर्दी म्हणून आम्ही ड्रॉप्स टाकतोय, मग आजीच्या लक्षात आलं की फक्त उजवीच नाकपुडी वाहते आणि वास मारतो. कान-नाक-घसावाल्यांनी चिमट्याने आतून काय काढलं असेल? भिजून फुगलेला हरभरा. एकाच बाजूने घाण वास येत असेल तर आधी टॉर्च मारून बघा. घड्याळातला बटण सेल गेल्याचा नुसता संशय असला तरी लगेच इमर्जन्सी, ते काही तासांत आतून भाजतं. घरी चिमटा घालायचा नाही कशासाठीच, अजून आत जातं.

दुसरी. थोरला चार वर्षांचा होता तेव्हा सर्दी नसतानाही रोज घोरायचा, तोंड उघडं टाकून झोपायचा, मधे श्वास थांबल्यासारखा व्हायचा आणि मग एकदम हिसका. दिवसा चिडचिड. अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या निघाल्या. सर्दीपुरतं घोरणं वेगळं, सर्दी बरी झाल्यावरही चालू राहिलं तर दाखवा. मोबाइलवर झोपेतला व्हिडिओ काढून न्या, क्लिनिकमध्ये पोरं कधीच घोरत नाहीत.

नाक ओढायचा रबरी फुगा आम्ही वापरायचो, पण ड्रॉप्स टाकून नाक मऊ झाल्यावरच आणि दिवसातून तीन-चारदापेक्षा जास्त नाही, नाहीतर आतून सुजतं. फुगा बाहेर दाबून मग नाकाशी लावायचा, नाकात दाबायचा नाही, हे मी उलट केलं होतं एकदा. मुलगी दोन दिवस माझ्याकडे येत नव्हती.

आणि बाटली नीट वाचा. सलाईनवर सोडियम क्लोराइड लिहिलेलं असतं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलं असेल तर ते नाक मोकळं करायचं औषध आहे, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहानांना टाकायचं नाही, आणि तीन-पाच दिवसांवर टाकत राहिलं तर सोडल्यावर नाक दुप्पट चोंदतं. दोन्ही बाटल्या दिसतात सारख्याच, आमच्या औषधाच्या डब्यात शेजारी शेजारी होत्या.

धायरीची_आई
बाप रे. किती लिहिलंत सगळ्यांनी, डोळ्यात पाणी आलं. मी आत्ता डबा काढून बघितला, सिस्टर, घरात तीन बाटल्या आहेत, एक सलाईन, एक माझी मोठ्यांची झायलो वाली आणि एक गेल्या वर्षीचं सर्दीचं सिरप अर्धं. सिरप टाकून दिलं. माझे ड्रॉप्स वरच्या कपाटात.

श्वास मोजला. पहिल्यांदा ४४ आले आणि माझे हातपाय गळाले, मग कळलं तो जागा होता आणि नुकताच रडून शांत झालेला. झोपल्यावर परत मोजले, ३०. परत मोजले, २८. खळगा नाही.

सासूबाईंना कसं सांगू हे मात्र अजून कळत नाहीये.

चिंचवडची_सून
यात माझी पीएचडी आहे 😄 ‘हे करू नका’ म्हणायचंच नाही. त्यांना काम द्यायचं. आमच्याकडे मी सासूबाईंना म्हटलं आई तुमचा हात हलका आहे, थेंब तुम्ही टाका, मी धरते. त्या दिवसापासून ड्रॉप्स हा त्यांचा विषय, मी विसरले तर त्याच ओरडतात. धुरीचं डॉक्टरांवर ढकल. ‘डॉक्टरांनी आठ दिवस नको म्हटलंय’ या वाक्यापुढे कोणतीही सासू गप्प बसते. आणि कापूर देवघरातच शोभतो असं पण म्हणून बघ.

निवृत्त_सिस्टर
२८ छान आहे. जागेपणी, रडल्यावर, ताप असताना मोजायचं नाही, तेव्हा वाढतातच. चिंचवडच्या सूनबाईंचं ऐक, आम्ही वॉर्डात आज्यांना असंच कामाला लावायचो.

उशीचं कोणी विचारलं नाही तरी सांगते, उशीवर उशी रचू नका, पोर मध्यरात्री घसरून मान वाकडी करून झोपतं. मोठ्या गादीवर झोपत असेल तर गादीच्याच खाली डोक्याकडे एक घडी घातलेली चादर सारा, तेवढं पुष्कळ. वर्षाच्या आतल्या बाळाला तेही नाही, सपाट आणि पाठीवर.

विशाल_हडपसर
वाचलं लेबल. चार वर्षांखाली नको असंच लिहिलंय, बारीक अक्षरात. मुलगी अडीचची आहे. मेडिकलवाल्याला जाऊन विचारणार आहे.

धायरीची_आई
अपडेट. दोन दिवस उशीर झाला कारण झोपत होते!! परवा रात्री साडेअकराला झोपला तो थेट साडेचारला उठला, काल एकदाच उठला पाण्यासाठी. आमचं रूटीन आता असं की साडेदहाला ड्रॉप्स (आजी टाकतात, मी अबोलीने सांगितलेल्या पोझमध्ये धरते, आजी दहापर्यंत मोजत नाहीत, रामरक्षेच्या चार ओळी म्हणतात, तो शांत पडून ऐकतो, मी म्हटलं तेव्हा ऐकलं नव्हतं), मग दूध, मग अर्धा चमचा मध, ओल्या कापडाने दात पुसून झोप. ओला टॉवेल खुर्चीवर. पहाटे चारला परत चोंदतं तेव्हा एकदा ड्रॉप्स. धुरीचं डॉक्टरांवर ढकललं, सासूबाई म्हणाल्या तुझ्या नवऱ्याला दोन वर्षं धुरी दिली मी, काय झालं त्याला? मी काही बोलले नाही.

आता एकच प्रश्न, नवऱ्याला सर्दी झालीये कालपासून, घरात पोराचीच सलाईनची बाटली आहे, ती चालेल का त्याला?

दोन_पिल्लांचा_बाबा
वेगळी घ्या, टोक नाकाला लागतं, एकाची सर्दी दुसऱ्याकडे फिरत राहते. आणि त्यांना शिंकरता येतं ना!